मायनस वीसच्या खोलीतलं उत्तर

माझ्या धाकट्या जावेला सगळे मायनस म्हणतात. आधी कामावरचे म्हणायला लागले, मग तिचा नवरा, मग मी. खरं नाव आता हजेरीपटावरच उरलंय. सतरा वर्षं ती शीतगृहात काम करतेय. शीतगृह म्हणजे थंड गोदाम. मासे, मटार, लोणी, लशी, जे जे उन्हाला घाबरतं ते सगळं तिथं. एकूण सहा खोल्या. दोन खोल्यांचं तापमान शून्याच्या वर, बाकी चारांचं शून्याच्या खाली. दोन नंबरची खोली मायनस दहाला, चार नंबरची मायनस वीसला. दर दोन तासांनी जाड कोट, कानटोपी आणि हातमोज्यांचे दोन जोड चढवून आत जायचं, काट्यावरचा आकडा बघायचा, बाहेर येऊन वहीत लिहायचा. चार नंबरला जायला सगळे कां-कू करतात. ही बया ती खोली मागून घेते. म्हणते, "तिथं कोणी बडबडायला थांबत नाही, वहिनी, डोकं चालतं."

आणि मी कोण, तर थोरली जाऊ. घरी शिलाई मशीन आहे, लोकांचे कपडे आखूड-लांब, सैल-घट्ट करून देते. शिक्षण आठवीपर्यंत. पण तोंड पदवीधर आहे, असं आमचे हे म्हणतात. हेही त्याच शीतगृहात आहेत, सव्वीस वर्षं झाली. धाकटे दीर ट्रक चालवतात, आठवड्यातले चार दिवस रस्त्यावर. घर एकच, चूल एकच, आणि दोन जावांचं पटतं म्हणून शेजारणींच्या पोटात दुखतं. पटतं म्हणजे भांडतो, पण त्याच दिवशी संपवतो. एकदाच सलग तीन दिवस बोललो नाही. ते का, तेच सांगते.

शीतगृहात शिफ्ट सुपरवायझरच्या दोन जागा निघाल्या. सुपरवायझर म्हणजे काचेच्या केबिनमध्ये बसायचं, सगळ्या खोल्यांचे आकडे समोरच्या पडद्यावर. थंडीत जायचं ते दिवसातून एकदा, पाहणीला. आमच्या ह्यांचे गुडघे थंडीनं पार गेलेत. सकाळी उठताना पलंगाच्या कडेला हात टेकून दोन मिनिटं नुसते बसून राहतात. मी पाठ करून चादरी घड्या घालत बसते, कारण मी बघितलेलं त्यांना आवडत नाही. त्यामुळे ती केबिन मला किती हवी होती ते वेगळं सांगायला नको.

पण सुपरवायझर व्हायला परीक्षा. शंभर मार्कांची, साठला पास, आणि जन्मात तीनच संधी. ह्यांच्या दोन झाल्या होत्या, मायनसच्याही दोन. म्हणजे ही दोघांची शेवटची.

त्या परीक्षेत एक भाग असतो, माहितीच्या पर्याप्ततेचा. नावच असं की निम्मे लोक तिथंच गार. मायनसनं मला समजावलं होतं. प्रश्न देतात, खाली दोन विधानं देतात, आणि उत्तर काढायचंच नाही! उत्तर काढायला एवढी माहिती पुरते का, तेवढंच सांगायचं. पहिलं विधान एकटं पुरतं, दुसरं एकटं पुरतं, दोन्ही मिळून पुरतात, कुठलंही एक पुरतं, की दोन्ही मिळूनही पुरत नाहीत, असे पाच पर्याय. मी म्हटलं, "उत्तर काढायचं नाही तर मग परीक्षा कसली? लग्नाला जायचं आणि जेवायचं नाही!" तर हसली. म्हणाली, "वहिनी, निम्मे लोक तिथंच फसतात. उत्तर काढायच्या नादात आपल्याला काय माहीत नाही तेच विसरतात."

त्यातही लहान-मोठ्याची गणितं तिची लाडकी. क्ष मोठा की य मोठा, चिन्ह इकडे तोंड करून की तिकडे. हातमोज्याच्या मागच्या बाजूला तिनं पेनानं चार आकडे लिहून ठेवले होते: दोन, मायनस दोन, शून्य, अर्धा. कुठलंही विधान आलं की हे चारही त्याच्यात घालून बघायचे. एकाशी "हो" आलं आणि दुसऱ्याशी "नाही" आलं, की माहिती अपुरी. एवढी साधी रीत. पण ती रीत घरातही घुसली ना! समोरच्या खिडकीतली बाई दोन दिवस दिसली नाही. मी म्हटलं, भांडून माहेरी गेली असणार. ही कुकरचं झाकण लावता लावता म्हणते, "किंवा आजारी असेल. किंवा पडदा धुवायला काढला म्हणून आपल्यालाच वेगळं दिसत असेल. एवढ्यावर सांगता येत नाही." मी म्हटलं, "अगं बये, गप्पा मारायला पुरेशी माहिती लागायला लागली तर बायकांनी तोंडाला कुलपंच लावायची!"

सहा महिने दोघांनी अभ्यास केला. हे कंपनीच्या वर्गाला बसायचे. प्रशिक्षण साहेब तो वर्ग घ्यायचे आणि पेपरही तेच काढायचे. ही वर्गाला गेली नाही, शिफ्ट जुळत नव्हती. ह्यांच्या वह्या घेऊन वाचायची आणि मधूनच "दादा, हे असं नसतं" म्हणायची. हे म्हणायचे, "साहेबांनी फळ्यावर लिहिलंय." आमच्या ह्यांचा फळ्यावर फार विश्वास.

निकाल लागला. हे साठ. पास! मायनस एकोणसाठ.

मला काय वाटलं ते खरं सांगते, लपवून काय करायचंय. आधी ह्यांचा आकडा ऐकून डोळ्यांत पाणी आलं. मग तिच्याकडे बघितलं आणि ते पुसून टाकलं.  तिनं सूचनाफलकावरून उत्तरांची यादी उतरवून आणली होती, ती घेऊन स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसली आणि आपल्या पेपरशी एकेक उत्तर ताडून बघू लागली. चाळिसाव्या प्रश्नाशी थांबली. पेन्सिल खाली ठेवली.

"हे चूक आहे," म्हणाली.

"तुझं?"

"त्यांचं."

प्रश्न असा होता. क्ष हा यपेक्षा मोठा आहे का? विधान एक, क्ष भागिले य हे एकपेक्षा मोठं आहे. विधान दोन, क्ष गुणिले य हे शून्यापेक्षा मोठं आहे. साहेबांच्या यादीत उत्तर होतं, पहिलं विधान एकटं पुरतं. हिनं लिहिलं होतं, दोन्ही मिळूनही पुरत नाहीत. आणि आमच्या ह्यांनी? साहेबांचंच.

म्हणजे बघा आता पेच. यादी चूक ठरली तर हिचा एक मार्क वाढणार आणि ह्यांचा एक जाणार. ही साठ, हे एकोणसाठ. मी ते पहिल्या मिनिटालाच ओळखलं. तेवढं गणित मला येतं.

तिलाही कळलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी आक्षेपाचा अर्ज लिहिलाच. नियम असा की सात दिवसांच्या आत अर्ज द्यायचा आणि त्यावर अर्ज करणारा धरून दोन परीक्षार्थींच्या सह्या पाहिजेत. अकरा जण बसले होते. ही एकेकाकडे गेली. एक म्हणाला, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला. दुसरा म्हणाला, माझंही उत्तर साहेबांचंच आहे, मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेऊ? बाकीचे मूग गिळून बसले. ह्यांच्याकडे मात्र ती आली नाही. घरात समोरासमोर बसून जेवत होते दोघं, पण तिनं तो कागद त्यांच्यापुढे काढला नाही, आणि ह्यांनी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी तिला बोलावलं. खुर्ची दिली, चहा सांगितला. म्हणाले, "बाई, एका मार्कासाठी एवढं कशाला? मी तुम्हाला एक कृपागुण देतो. दोन जागा आहेत, दोन पास होतील. तुमचे दीरही पास, तुम्हीही पास. अर्ज तेवढा देऊ नका."

ही बातमी घरी आली तेव्हा मी मशीनवरून उठून तिला मिठीच मारली. म्हटलं, देव पावला! घरात दोन सुपरवायझर! धाकट्या दिरांना ट्रकवर फोन लावायला धावले. तर ही शांतपणे कोट खुंटीला अडकवून म्हणाली, "मी नाही म्हणून सांगितलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नाही म्हणून सांगितलंस? अगं, कोणाला विचारून? तुझ्या हट्टापायी ह्यांची केबिन जाणार, तुला कळतंय का? आयतं ताट वाढलंय आणि तू ते लाथाडून आलीस!"

"वहिनी, माझं उत्तर बरोबर आहे. बरोबर उत्तराला कृपा कशाला?"

"पोटाला बरोबर-चूक कळत नाही!"

"मला कळतं. उद्या केबिनमध्ये बसले की प्रत्येक जण म्हणणार, ही कृपेनं पास झाली. आणि ती यादी तशीच राहणार. पुढच्या वेळी मायनसमध्ये राबणारा कोणी हेच बरोबर उत्तर लिहील आणि नापास होईल. मी नापास झाले तरी चालेल. पण चुकले म्हणून घेणार नाही."

"आणि ह्यांचे गुडघे?"

 "तेच तर," एवढंच म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, मी मोठ्यानं म्हटलं, तिला ऐकू जाईल असं. मग तीन दिवस आम्ही बोललो नाही. ती आपला डबा आपण भरायची. मी तिच्या ताटात भाजी वाढायचे पण तिच्याकडे बघायचे नाही. घर इतकं गप्प झालं की मशीनचा आवाज मलाच नकोसा वाटायला लागला.

चौथ्या दिवशी मी ठरवलं, हिची चूक मीच काढते. एवढी नाकानं कांदे सोलतेय ना, हिला तोंडावर पाडते. दुपारची वेळ, ती कामावर. मी प्रश्नाचा कागद घेतला, कापायच्या टेबलावर जुनं कापड पसरलं आणि शिंप्याच्या खडूनं आकडे मांडायला बसले. क्ष सहा, य तीन. सहा भागिले तीन, दोन. एकपेक्षा मोठे. सहा तीनपेक्षा मोठे. बरोबर! क्ष दहा, य चार. अडीच. मोठे. बरोबर! क्ष अर्धा, य पाव. दोन. बरोबर! मी खूश. दहा-बारा जोड्या केल्या, सगळ्या साहेबांच्या बाजूनं. वाटलं, पकडली! ये घरी आता.

मग तिचे चार आकडे आठवले. शून्य घालून बघितलं. य शून्य असेल तर भागताच येत नाही, क्ष शून्य असेल तर भागाकार शून्य, एकपेक्षा मोठा कुठला. म्हणजे शून्य बाद. राहिला मायनस. माझ्या टेपवर शून्याच्या मागे काही नसतं, कमर कोणाची मायनस असते का! पण म्हटलं, करूच. आणि आकडे कुठले घ्यायचे? जे घरात रोज ऐकते तेच घेतले. क्ष मायनस वीस, य मायनस दहा. उणे भागिले उणे म्हणजे अधिक, एवढं आठवीतलं शिल्लक होतं. भागाकार आला दोन. एकपेक्षा मोठा. ठीक. गुणाकार आला दोनशे, शून्यापेक्षा मोठा. तेही ठीक. दोन्ही विधानं मान डोलवतायत. मग मायनस वीस मोठे की मायनस दहा?

मी त्या खडूच्या आकड्यांकडे बघत राहिले. वीस मोठे दिसतात. पण मायनस वीस? मला खात्री देता येईना. आणि हिला विचारणं शक्यच नव्हतं, आमचा अबोला चालू.

तेवढ्यात हे शिफ्ट संपवून आले. बूट काढायला स्टुलावर बसले. मी सरळच विचारलं, "काय हो, दोन नंबरची खोली आणि चार नंबरची खोली, आकडा कुठला वरचा?"

"दोन नंबरचा," बुटाची नाडी सोडता सोडता ते म्हणाले. एक क्षण विचार केला नाही. "मायनस दहा वर, मायनस वीस खाली. वीसवरून दहावर गेला तर काटा चढला म्हणतात. मटार ओले होतात. का गं?"

"मग मायनस वीस मायनस दहापेक्षा लहान."

"लहानच. हे काय विचारणं झालं?"

मी तो कापडाचा तुकडा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी वाचला. माझ्यापेक्षा लवकर कळलं त्यांना, कारण चेहरा मी बघत होते आणि त्यावर नवल नव्हतं. हातात बूट तसाच.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

त्यांनी बूट खाली ठेवला. मग म्हणाले, "पेपरात वाचलं तेव्हाच डोक्यात आलं होतं. मायनस वीस, मायनस दहा. सव्वीस वर्षं तेच लिहितोय की. पण साहेबांनी वर्गात शिकवलं होतं, यने गुणायचं आणि मोकळं व्हायचं. मला वाटलं, त्यांना हेच उत्तर हवं असणार. पेपर त्यांचा."

"म्हणजे येत असून चूक लिहिलंत?"

"त्यांचं बरोबर लिहिलं," ते म्हणाले, आणि मग स्वतःच मान हलवली. "नाही. चूकच लिहिलं."

मला इतका राग आला की सांगता सोय नाही. आणि गंमत म्हणजे तो मायनसवर नव्हता. साहेबांवर होता, ह्यांच्यावर होता, आणि माझ्यावरही होता. सव्वीस वर्षं हा माणूस त्या थंडीत बोटं गोठवून जे शिकला, ते कागदावर लिहायची वेळ आली तेव्हा त्याला स्वतःचंच खरं वाटलं नाही! उंटावरून शेळ्या हाकणारा एक साहेब, जो वर्षातून एकदा नाक धरून चार नंबरमध्ये डोकावतो, तो मायनस विसरला, आणि त्यात जगणाऱ्यांनी त्याची चूक पाठ केली.

मी तिच्या खोलीत गेले. उशीखालून अर्ज काढला. हो, न विचारता. तो ह्यांच्या पुढ्यात ठेवला आणि पेन ठेवलं.   त्यांनी आधी दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले, मग सही केली. खाली हजेरी क्रमांकही घातला, नीट, वळणदार.

संध्याकाळी ती आली. कागद टेबलावर होता. वाचला, सही बघितली, आणि कोटासकट खुर्चीत बसून लहान पोरीसारखी रडायला लागली. "दादा, तुम्ही का..." हे म्हणाले, "रडून काय होतंय? उद्या शेवटचा दिवस. सकाळी आधी तो देऊन टाक." मी तिच्यापुढे चहा आदळला. अबोला तिथं संपला.

सुनावणी पुढच्या आठवड्यात. मला कोणी बोलावलं नव्हतं, मी गेलेच. सुनावणीची खोली एवढीशी, त्यात चार खुर्च्या आणि एक कपाट, म्हणून दार उघडंच ठेवलं होतं. मी बाहेरच्या बाकावर बसले, कान आत. मुख्य कार्यालयातून एक इंजिनिअर बाई आल्या होत्या निकाल द्यायला. केस पांढरे, चष्मा नाकाच्या टोकावर. साहेब त्यांच्या बाजूला. मायनस आणि हे समोर. हे शिफ्टवरून थेट आलेले, हातात नोंदवही.

साहेबांनी सुरुवात केली. "सोपं आहे, मॅडम. क्ष भागिले य एकपेक्षा मोठं. दोन्ही बाजूंना यने गुणा. क्ष यपेक्षा मोठा. संपलं. आठवीचं गणित आहे."

"यने गुणलंत," मायनस म्हणाली, "पण य कोण आहे ते बघितलंत का, साहेब? मायनस असला तर चिन्ह उलटं फिरतं. य प्लस आहे असं प्रश्नात कुठंही लिहिलेलं नाही. तुम्ही ते मनानं धरलंत." मग तिनं वीस आणि दहाचं गणित कागदावर करून बाईंकडे सरकवलं.

बाईंनी बघितलं. साहेबांनीही बघितलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, मला दारातून दिसल्या. पण माणूस पक्का. म्हणाले, "बरं, पहिलं एकटं पुरत नाही, मान्य. पण दुसरं विधान आहे ना. गुणाकार शून्याच्या वर, म्हणजे दोन्ही प्लस. दोन्ही मिळून उत्तर येतं. म्हणजे ह्या बाईंचंही चूकच."

बघा लबाडी! स्वतःचं उत्तर बदलायचं, पण हिला काही बरोबर म्हणायचं नाही. मी बाकावरून अर्धी उठले होते.

"मायनस वीस गुणिले मायनस दहा किती, साहेब?" मायनसनं विचारलं.

 इंजिनिअर बाईंनीच उत्तर दिलं, "दोनशे. प्लस दोनशे."

"दुसरं विधान एवढंच सांगतं की दोघं एकाच बाजूचे आहेत," मायनस म्हणाली. "दोघं वर किंवा दोघं खाली. ते तर पहिल्या विधानातही आहेच. नवीन काही सांगत नाही. वीस आणि दहा घेतले तर क्ष मोठा, मायनस वीस आणि मायनस दहा घेतले तर क्ष लहान. दोन्ही विधानं दोन्ही वेळा खरी. मग सांगणार कसं? नाही सांगता येत. तेच मी लिहिलंय."

साहेब खुर्चीत मागे सरले. "व्यवहारात असले आकडे कोण घेतं?"

तेव्हा आमच्या ह्यांनी नोंदवही उघडली आणि टेबलावर ठेवली. मायनस दहा, मायनस वीस, मायनस दहा, मायनस एकोणीस, मायनस वीस. पानंच्या पानं. "आम्ही व्यवहारात दुसरे आकडे घेतच नाही, साहेब," हे म्हणाले. उभ्या जन्मात ह्यांनी साहेबाला उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. माझा ऊर असा भरून आला!

इंजिनिअर बाईंनी ह्यांचा पेपर पुढे ओढला. चष्म्यावरून बघितलं. "तुम्ही तर साहेबांचंच उत्तर लिहिलंय. आक्षेप मान्य झाला तर तुम्ही नापास होता. ही तुमची शेवटची संधी आहे. कळतंय ना?"

"हो."

"मग सही का केलीत?"

"माझं उत्तर चुकलं होतं म्हणून," हे म्हणाले.

चार दिवसांनी नवीन यादी लागली. चाळिसावा प्रश्न, दोन्ही मिळूनही पुरत नाहीत. मायनस साठ, पास. हे एकोणसाठ. बाकी कोणाचं पास-नापास बदललं नाही. जे काही झालं ते आमच्याच घरात झालं. दुसरी जागा रिकामीच राहिली.

आता ती केबिनमध्ये बसते. पहिल्या दिवशी ह्यांनी नोंदवही सहीला नेली तर एका ओळीत वेळ लिहायची राहिली होती. तिनं वही परत केली. म्हणाली, "दादा, वेळ." ह्यांनी निमूट लिहिली. घरी येऊन मला हसत हसत सांगितलं. माझा राग गेला का? नाही गेला. सकाळी ते पलंगाच्या कडेला हात टेकतात तेव्हा दर वेळी येतो, आणि तो मी मायनसला बोलूनही दाखवते. ती ऐकून घेते, गरम पाण्याची पिशवी भरून आणते, आणि मीही मग पुढे बोलत नाही.

पण परवा समोरच्या खिडकीतली ती बाई फॉल लावायला आली आणि गोड आवाजात म्हणाली, "काय हो, जावेपायी तुमच्या ह्यांचं प्रमोशन गेलं म्हणे? एकोणसाठवरच राहिले बिचारे?"

मी मशीन थांबवलं. म्हटलं, "बिचारे कशाला? साठ होते तेव्हा त्यातला एक साहेबांचा होता. आता एकोणसाठ आहेत, आणि एकोणसाठच्या एकोणसाठ त्यांचे स्वतःचे आहेत. फॉल कुठल्या रंगाचा लावू?"